तीन पिवळ्या पाकिटातल्या, एक निळ्यातली

आमच्या घरात चार तारा जिवंत ठेवायचं काम माझ्याकडे होतं. कुणाच्या घरी मुलीकडे पाणी भरायचं काम असतं, कुणाकडे धाकट्या भावंडांचं. माझ्याकडे हे आलं. बास गिटारच्या तारा. लग्नाच्या, गणपतीच्या ऑर्केस्ट्रात गाण्याच्या तळाशी जो जाड आवाज चालत असतो, ज्याच्याकडे कुणी मुद्दाम कान देत नाही आणि जो थांबला की मात्र गाणं पोकळ वाटतं, ते वाद्य. ते माझ्या दादाचं होतं, आणि दादा घरात नव्हता.

भाईंदर पूर्वेला रेल्वेच्या रुळांना पाठ करून आमची बिल्डिंग उभी होती. एक खोली, एक स्वयंपाकघर. आबांनी डिलाईल रोडची चाळ सोडून ही जागा घेतली, तेव्हा आमचे महाडकडचे नातेवाईक म्हणाले होते, एवढ्या लांब, मिठागरात कुठे राहायला निघालात? ते खोटं नव्हतं. गच्चीवर गेलं की मिठागरं दिसायची, भर दुपारी डोळे दिपवणारी. वारा तिकडून आला की ओठांना खारट चव लागायची. खिडकीचे गज गंजायचे, आईच्या शिवणाच्या मशीनची सुई गंजायची, भिंतीला पावसाळा संपला तरी ओल असायची. आता मी जवळच हाटकेशला उंच टॉवरमध्ये राहते, खिडक्या अॅल्युमिनियमच्या आहेत, आणि तरीही कधीकधी जेवताना जिभेला तो वारा लागल्यासारखं होतं. सून म्हणते, आई, आमटीत मीठ बरोबर आहे हो. मी म्हणते, आमटी नाही गं.

दादाचं नाव सुधीर. आई त्याला सुध्या म्हणायची. आबा कामावरून आले की हातपाय धुऊन भीमगीतं म्हणत बसायचे. त्यांचा आवाज खर्जातला, जमिनीतून यावा तसा. दादा लहानपणी त्यांच्या मागे डबा वाजवायचा, मग ढोलकी, आणि कॉलेज अर्धवट सोडल्यावर बास गिटार. उत्तनच्या पट्ट्यातल्या तारोडी गावात पास्कल अंकल म्हणून होते, त्यांची ऑर्केस्ट्रा पार्टी होती. त्यांनी दादाला एक जुनी बास गिटार दिली आणि पार्टीत घेतलं. आबांना अभिमान वाटला. आमच्याकडे मुलाने वाजवायला जाणं ही रडायची गोष्ट नव्हती, हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे लोकांनी आबांनाच विचारलं, तुम्ही काही बोललात का त्याला? कुणीही काही बोललं नव्हतं.

तारांचं मात्र अवघड होतं. नव्या तारेचा आवाज खणखणीत असतो, नाणं फरशीवर पडावं तसा. आमच्या हवेत तो थोडे दिवस टिकायचा, मग बोटांचा घाम आणि मिठाचा वारा मिळून तारेच्या वेढ्यांत बसायचे आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा व्हायचा. वाजवणारे त्याला म्हणतात, तार मेली. आईला तो शब्द चालायचा नाही. "मेली काय म्हणतोस? झोपली म्हण." परदेशी तारा आम्हाला परवडणाऱ्या नव्हत्याच. दादा मला घेऊन गिरगावाकडच्या गल्लीत जायचा. तिथे एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे देशी तारांची दोन पाकिटं मिळायची, एक पिवळं, एक निळं. पिवळ्यातल्या स्टीलच्या, खरखरीत, बोटं सोलणाऱ्या. निळ्यातल्या मऊ, निकेलचा मुलामा दिलेल्या. दादा एक टोक माझ्या हातात द्यायचा, दुसरं स्वतः ताणून धरायचा आणि मधोमध टिचकी मारायचा. तार थरथरताना तिची सारखी, स्वच्छ सावली दिसली पाहिजे; वेडीवाकडी दिसली तर ठेवून दे. मग कान. "नंदा, नवी तार सगळ्यांचीच छान वाजते," तो म्हणायचा. "महिन्याने कशी वाजेल ते आज ऐकू आलं पाहिजे."

बऱ्याच चुका करून त्याने त्याचं एक ठरवलं. पिवळ्या पाकिटातल्या तीन तारा, कारण त्या तोंडाला फटकळ होत्या पण टिकायच्या. चौथी, सगळ्यात जाड, पिवळ्यातली नको. ती पहिल्या दिवसापासून भोपळ्यासारखी वाजायची. ती निळ्यातली. दुकानदार आधी सुटी तार द्यायला तयार नव्हता, मग दादाचा कान बघून द्यायला लागला. तारा दमल्या की आम्ही त्या काढून आईच्या भाताच्या टोपात धुण्याचा सोडा घालून उकळायचो. पाणी काळपट व्हायचं, आणि पुसून लावलेल्या तारा परत बोलायला लागायच्या. पुसूनही वेढ्यांत थोडं पाणी राहायचं आणि तिथे गंज धरायचा. त्यावर उपाय आईचा. मिठाच्या बरणीत पाणी सुटू नये म्हणून ती तांदळाचे दाणे टाकायची. "तांदळात पुरून ठेव रात्रभर," ती म्हणाली. झालं, तेव्हापासून आमच्या तांदळाच्या डब्यात कधीकधी तारांचं भेंडोळं सापडायचं, आणि आबा म्हणायचे, आज भातात काय, बास आहे का?

त्या शेवटच्या वर्षात दादा थोडा हरवल्यासारखा झाला होता. आई विचारायची, "भाकरी टाकू की भात?" तो म्हणायचा, "हो." "हो काय? भाकरी की भात?" तो हसायचा, "चालेल." आई म्हणायची, हा प्रेमात पडलाय. मलाही तसंच वाटलं होतं.

मग पार्टी गुजरातमध्ये लग्नाच्या हंगामाला गेली. परतीच्या बसची आम्ही वाट बघत होतो. आईने सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकरीचं पीठ मळून ठेवलं होतं. सकाळी दार वाजलं. दारात पास्कल अंकल उभे, खांद्यावर दादाची गिटार, काळ्या रेक्झिनच्या पिशवीत.

"बाय," ते आईला म्हणाले, "तुजा पोर माज्या बसमदी न्हाय."

आईला वाटलं, मागून येतोय. तिने त्यांच्या खांद्यावरून जिन्याकडे बघितलं. अंकल तिथेच पायरीवर बसले आणि त्यांनी सांगितलं. हायवेवर एका हॉटेलापाशी चहाला बस थांबली होती. सुटताना ड्रायव्हरने हॉर्न मारला, सगळ्यांनी हाका मारल्या, आणि त्यांना वाटलं सुधीर मागच्या सीटवर झोपलाय. इथे येऊन बघतात तर सीटवर फक्त गिटार. अंकल आबांना घेऊन त्याच पावली परत त्या हॉटेलावर गेले. हॉटेलवाला म्हणाला, एक मुलगा बस गेल्यावर बराच वेळ बाकावर बसला होता. मी त्याला म्हटलं, दुसरी गाडी थांबवून देऊ का, तर काही बोलला नाही. मग एका ट्रकमध्ये बसून गेला. मुंबईकडे नाही, उलटा.

त्या उलट्या दिशेने आमचं घर खाऊन टाकलं. अपघात झाला असता तर आम्ही रडलो असतो. कुणी पळवून नेलं असतं तर शिव्या दिल्या असत्या. हा मात्र बसला, विचार केला आणि गेला. पोलिसात तक्रार झाली, फोटो दिला. आबा सुट्टीच्या दिवशी सुरतपर्यंत जाऊन यायचे. बेवारस कुणी सापडलं की निरोप यायचा आणि आई-आबा ओळख पटवायला जायचे. मला नेत नसत. परत आल्यावर आई आंघोळ करायची आणि पोळपाटापाशी बसायची. एकदा मी ऐकलं, ती आबांना म्हणत होती, "गिटार टाकून गेला, म्हणजे येणार तो."

आबा म्हणाले, "गिटार टाकून गेला, म्हणजेच नाही येणार." त्या दिवसापासून आबांनी गाणं बंद केलं.

गिटार कपाट आणि खिडकीच्या मधल्या कोपऱ्यात उभी असायची. आईने ती पिशवीतून बाहेर काढून ठेवली होती, बंद पिशवीकडे बघवत नाही म्हणून. आणि मग ते सुरू झालं. मागच्या रुळांवरून लांब पल्ल्याची गाडी न थांबता धडधडत गेली की बिल्डिंग हलायची, भांडी किणकिणायची, आणि गाडी निघून गेल्यावर, सगळं शांत झाल्यावर, त्या कोपऱ्यातून एक बारीक गुणगुण यायची. जाड तार आपोआप बोलायची. याला कारण आहे, मला ते आज समजावून सांगता येईल, तेव्हाही थोडंफार कळत होतं. पण संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी, घरात आम्ही दोघीच असताना, तो आवाज आला की आईच्या हातातलं काम थांबायचं. ती मान न वळवता म्हणायची, "सुध्या?" एवढंच. आणि गुणगुण विरेपर्यंत तशीच बसायची.

पावसाळ्यानंतर एकदा गाडी गेली आणि तार बोललीच नाही. आई उठून कोपऱ्यापाशी गेली. तारांवर तांबूस भुकटी आली होती. तिने बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, आणि माझ्यावर ओरडली, तशी ती त्याआधी कधी ओरडली नव्हती. "तुला शिकवलं होतं ना त्याने? तुझ्या डोळ्यांदेखत मरू दिल्यास?" तिनेच तो शब्द वापरला.

तेव्हा मी एका स्टीलच्या भांड्यांच्या युनिटमध्ये हिशेबाचं काम करायला लागले होते. पगारातून पहिल्यांदा मी तारा आणल्या. दुकानदाराने मला ओळखलं. "भाई कहाँ है?" मी म्हटलं, बाहेरगावी. टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून ते काउंटरच्या खणाच्या मुठीला अडकवून मी टिचकी मारली. त्या दिवशी पिवळ्या पाकिटातली एक तार मी परत ठेवली आणि दुसरी मागितली. ती का ठेवली हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. नंतर वाजवताना कळलं की बदलून घेतली ती बरोबर घेतली होती.

तारा लावल्या की सुरात आणाव्या लागतात, सुरात आणायच्या तर छेडाव्या लागतात, छेडल्या की बोटं पुढे जातात. मी शिकायला बसले नव्हते. पहिल्यांदा मी दादाची एक ओळ, त्याची नेहमीची, सरावाची, चाचपडत वाजवली, तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत आली. हात पिठाने भरलेले. मला बघितलं आणि तिचा चेहरा जो पडला, तो मी त्यानंतर आयुष्यात कुणाचाही पडलेला बघितला नाही. ती आत गेली. मी गिटार ठेवून दिली. थोड्या वेळाने आतूनच म्हणाली, "वाजव. पण वाजवायच्या आधी खोकत जा. म्हणजे मला कळेल तू आहेस ते."

त्यानंतर कित्येक वर्षं मी खोकून वाजवायला सुरुवात केली. पुढे पास्कल अंकलनी मला पार्टीत घेतलं, "पोरगी बास वाजवते, लोक बगायला येतील" असं म्हणून, आणि स्टेजवरही माझा हात आधी तोंडाशी जायचा. अंकल विचारायचे, बाय, सर्दी हाय का? आणि आई. मीरा रोडला, भाईंदरला कुठे मांडव दिसला, आतून बासचा आवाज आला, की ती भाजीची पिशवी घेऊन मांडवात शिरायची, खुर्च्यांच्या रांगांमधून थेट स्टेजपर्यंत जायची, वाजवणाऱ्याचं तोंड बघायची आणि परत यायची. लग्नघरचे लोक तिला कुणीतरी दूरची पाहुणी समजायचे. एकदा तर एका बाईने तिला आग्रहाने जेवायला बसवलं. आई जेवली. घरी येऊन म्हणाली, "त्या मुलाच्या तारा मेलेल्या होत्या. सुध्याने असल्या लावल्या नसत्या."

असंच चालू राहिलं असतं. पण एका दुपारी मी गिरगावातल्या त्या दुकानात तारा बघत उभी होते. शेजारी एक तरुण मुलगा आला, घामाघूम, हातात प्रवासाची बॅग. दुकानदाराला म्हणाला, "चाचा, बास के तार चाहिए. पीले पैकेट के तीन, और मोटा वाला नीले में से."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी हातातली तार खाली ठेवली.

"ऐसा क्यों?" मी विचारलं. "पूरा सेट क्यों नहीं लेते?"

"हमारे मास्टर बोलते हैं. पीले का मोटा तार कद्दू जैसा बजता है." भोपळा.

"उबालते हो?"

"हाँ, सोडा डाल के."

"फिर?"

तो हसला, मी परीक्षा घेतेय असं वाटून. "फिर चावल के डिब्बे में. आपको भी पता है?"

त्याचं नाव जिग्नेश. वापीला एका कारखान्यात कामाला होता, गरब्याच्या मंडळात बास वाजवायचा. मास्टर कोण, कुठले, त्याला फारसं माहीत नव्हतं. बाजूच्याच कारखान्यात पॅकिंगला आहेत, मराठी आहेत, आमच्यासारख्यांना शिकवतात. "आदमी अच्छे हैं, थोड़े अकड़ू हैं. कभी जवाब देते हैं, कभी नहीं." मी नाव विचारलं. तो म्हणाला, सुधीर मास्टर. नावसुद्धा बदललं नव्हतं त्याने. एवढी वर्षं आम्ही अनोळखी प्रेतांच्या तोंडावरच्या चादरी उचलून बघत होतो, आणि तो वापीला स्वतःच्या नावाने राहत होता.

घरी सांगितलं.  आबा म्हणाले, "मी येणार नाही. मी बघितलं तर माझा हात उठेल."  सकाळी उठून आईने भाकऱ्या केल्या, सुक्या बोंबलाची चटणी केली, लुगड्याची घडी मोडली, आणि मला म्हणाली, चल.

वापी स्टेशनवर उतरलो तेव्हा हवेत रसायनाचा वास होता, कडवट, घशाला लागणारा. जिग्नेशने आम्हाला एका जुन्या दुमजली चाळीपाशी आणलं आणि तो खालीच थांबला. लाकडी जिना, वर लाकडी जमिनीच्या खोल्या. सगळ्यात शेवटच्या खोलीचं दार उघडं होतं. आत एक माणूस दाराकडे पाठ करून जमिनीवर बसला होता, समोर वर्तमानपत्रावर तारा पसरलेल्या, एकेक फडक्याने पुसत होता. केस मागून विरळ झाले होते. पण मानेचा तो बाक, आणि तार बोटाभोवती गुंडाळायची ती पद्धत.

आई उंबऱ्यावर थांबली. "सुध्या," ती म्हणाली.

तो पुसत राहिला.

"सुध्या, मी आलेय."

तो पुसत राहिला. त्याने ती तार बाजूला ठेवली, दुसरी उचलली. आईने तिसऱ्यांदा हाक मारली, मोठ्याने, इतकी की शेजारच्या खोलीतून एक बाई बाहेर डोकावली. त्याची पाठ हलली नाही. मी आईकडे बघितलं. ती हळूहळू उंबऱ्यावर बसली, भाकऱ्यांची पिशवी मांडीवर घेऊन, आणि मला म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "चल नंदा. त्याला नको आहोत आपण. जिवंत आहे, बघितलं, झालं."

मला राग आला होता. तो राग मला आजही अंगात आठवतो. मी आईला ओलांडून धाडकन आत पाय टाकला, त्याचा खांदा धरून ओढायचा म्हणून. लाकडी जमीन हलली. आणि तो वळला.

आधी त्याने मला बघितलं, कुणी अनोळखी बाई आली असं. मग माझ्या मागे, उंबऱ्यावर. त्याच्या हातातली तार सुटली आणि तिचं भेंडोळं उलगडून जमिनीवर पसरलं. तो गुडघ्यांवर तसाच सरकत दारापाशी गेला आणि आईच्या तोंडाकडे बघायला लागला. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. आई बोलत होती, काय बोलत होती तिलाही माहीत नसेल, आणि तो तिच्या ओठांवर नजर लावून, लहान मूल पाटीवरची अक्षरं लावतं तसा, लावत होता. तेव्हा मला कळलं. आईला अजून कळलं नव्हतं. ती बोलतच होती.

मग त्याने सांगितलं. त्याचा आवाज सपाट झाला होता आणि गरजेपेक्षा मोठा. वाजवायला लागल्यावर काही वर्षांतच वरचे आवाज जायला लागले होते. आधी झांज गेली, मग बासरी, मग बायकांचे आवाज. त्याने एका डॉक्टरला गुपचूप दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाला, कानाच्या शिरा कमजोर आहेत, त्यात स्टेजवरच्या स्पीकरशेजारी रोज उभा राहतोस. आता गेलेलं परत येणार नाही. खालचे सूर मात्र ऐकू यायचे, म्हणून पार्टीत निभावत होता.

"तुझा आवाज घरी असतानाच गेला होता, आई," तो म्हणाला. "तू भाकरी की भात विचारायचीस, मी अंदाजाने हो म्हणायचो."

"मग बस?" मी त्याच्यासमोर जाऊन, ओठ नीट हलवत विचारलं.

"हॉटेलमागे नळावर तोंड धूत होतो. पुढे आलो तर बस नव्हती. हॉटेलवाला हातवारे करून सांगत होता, एवढा हॉर्न मारला, एवढ्या हाका मारल्या. हॉर्नपण ऐकू आला नव्हता मला. त्या बाकावर बसलो तेव्हा कळलं, किती गेलंय ते. गिटार बसमध्ये गेली होती. मला वाटलं, बरं झालं. ती घरी पोचेल. मी जाऊन काय करू?"

"आणि तारा कशा निवडतोस?"

"निवडत नाही. ऐकूच येत नाहीत. म्हणून तर सगळ्यांना त्याच आणायला लावतो, तेव्हा ठरवलेल्या. त्या वेळी कान होते."

आईने पिशवी सोडली आणि भाकरी काढून त्याच्या हातात दिली. तो खात असताना ती त्याच्या मागे गेली आणि मला वाटलं, ती त्याला जवळ घेणार. ती मागे उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सुध्या." तो खात राहिला. तिने परत म्हटलं. बघत होती ती, खरंच का ते.

तो त्याच दिवशी आला नाही. कामाचा हिशेब संपवून, दिवाळीच्या जरा आधी आला. दार आबांनी उघडलं. त्यांचा हात उठला नाही, पण आवाज उठला, सगळा मजला बाहेर आला. "बहिरा झालास, मेला नव्हतास ना? दोन ओळी लिहायला कान लागतात? तुझी आई मुडदे बघत फिरली रे!" दादा खाली मान घालून उभा होता, आणि आबांच्या प्रत्येक वाक्याला त्याचा खांदा दचकत होता. खर्जातला आवाज. आमच्या घरातल्या सगळ्या माणसांत त्याला नीट ऐकू येणारा तो एकच आवाज होता, आणि तो आवाज पुढे कितीतरी दिवस फक्त रागाने बोलला.

त्याला हाटकेशला एका प्लास्टिकच्या युनिटमध्ये काम मिळालं. गिटार माझ्याकडेच राहिली. तो म्हणाला, तुझीच आहे. आता मोबाईलवरून हव्या त्या तारा घरपोच येतात, वरून मुलामा दिलेल्या, महिनोन्महिने चमक न सोडणाऱ्या. मी आता बास शिकवते, त्या क्लासला येणारी मुलं मला विचारतात, स्वस्तातल्या कुठल्या घेऊ? मी सांगते. ती पिवळी-निळी पाकिटं कधीच बंद झाली. कानाचं यंत्रही दादाला आम्ही पुढे आणून दिलं, ते तो कामावर घालायचा आणि घरी काढून ठेवायचा. म्हणायचा, त्यात सगळं पत्र्यावर पडल्यासारखं ऐकू येतं.

घर भरलं, तरी आईची जुनी सवय गेली नाही. रविवारी दुपारी, आबा झोपलेले असताना, दादा खोलीत जमिनीवर बसून पेपर वाचायचा. भिंतीला ओल, म्हणून टेकायला काही नाही. आई सुकट निवडायला घेऊन यायची आणि त्याच्या पाठीला पाठ लावून बसायची. आणि बोलायला लागायची. मी स्वयंपाकघरात असायचे, मला सगळं ऐकू यायचं. त्याच्या तोंडासमोर तिने कधी एक वाकडा शब्द काढला नाही. पाठीमागे ती सगळं सांगायची. कुठल्या हॉस्पिटलात गेलो, चादर कुणी उचलली, त्या मुलाच्या पायात कसले बूट होते. तुझा राग यायचा, सुध्या. इतका की तुझ्या नावाने भाकरी थापताना हात भाजून घ्यायचे. एकदा म्हणाली, "विरारच्या पुढे एक सापडला होता. तुझ्याच उंचीचा. आत जाताना माझ्या मनात आलं, हाच असू दे. संपू दे एकदाचं. आईच्या मनात असं येतं का रे?" तिचे हात चालूच होते, सुकटीची डोकी मोडत. दादाने पेपराचं पान उलटलं.

हे वर्षानुवर्षं चाललं. आबा गेले, त्यानंतरही. मी कधी मध्ये पडले नाही, दादाला सांगितलं नाही. तिला एक अशी जागा मिळाली होती जिथे बोललेलं कुठेच पोचत नव्हतं, आणि माझ्या मते त्यामुळेच ती जगली.

आई गेली, त्यानंतर काही महिन्यांनी दादा माझ्याकडे जेवायला आला होता. त्याचेही केस पांढरे झाले होते. जेवण झाल्यावर मी त्याच्यासमोर बसले, ओठ त्याला दिसतील असे, आणि विचारलं, "आई तुझ्या पाठीला टेकून बसायची, तेव्हा ती बोलायची. तुला माहीत होतं?"

 मला वाटलं, त्याला कळलं नाही, मी परत विचारणार होते.

"पाठीत यायचं ना सगळं," तो म्हणाला, त्याच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात. "शब्द नाही यायचे. पण रडतेय कधी, भांडतेय कधी, ते यायचं."

"मग कधी वळला नाहीस?"

"वळलो असतो, तर थांबली असती."